सोलापूरची लांबी सात

आमचा क्लास अशोक चौकाच्या पुढं, पूर्व भागात, एका चादरीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. भाडं परवडलं म्हणून ती जागा घेतली, बाकी काही कारण नाही. खाली माग सुरू असले की फरशीतून थरथर वर येते, टेबलावरचा मार्कर एकेक बोट सरकत कडेला जातो आणि धड्याच्या नेमक्या मोक्याच्या क्षणी खाली पडतो. पोरांना त्याची एवढी सवय झालीये की कुणी मान वळवत नाही. आठवडाभर मी घरूनच एका कंपनीचं काम करते आणि शनिवारी-रविवारी संध्याकाळी इथं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. समोर बी.सी.ए., बी.एस्सी.ची मुलं-मुली. निम्म्यांच्या घरात तेलुगू, काहींच्या घरात कानडी, गल्लीत मराठी. आणि कॉम्प्युटर जे काही बोलतो ते इंग्रजीत.

दोनेक वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट आहे. त्या दिवशी मी मुलांना एका लायब्ररीचं, म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाचं, डॉक्युमेंटेशन (माहितीची पानं) उघडायला लावलं होतं आणि त्यातलं पहिलंच उदाहरण जसंच्या तसं टाईप करा, असं सांगितलं होतं. उदाहरण अगदी साधं: दोन विषयांचे मार्क, ७० आणि ७५. त्यांची बेरीज करायची, दोननं भागायचं, सरासरी छापायची. खाली उत्तर दिलेलं होतं, ७२.

दहा मिनिटांनी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझं चुकतंय."

"काय चुकतंय?"

"उत्तर ७२ पाहिजे. माझं ७२.५ येतंय."

मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते. मागं न वळताच म्हणाले, "टाईप करताना काहीतरी राहिलं असेल बघ. परत कर." तिनं परत केलं. मग तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळी ती एकेक अक्षर बोटानं स्क्रीनवर दाबून ताडून बघत होती, आमची आजी पोथीवर बोट फिरवायची तसं. शेवटी तिनं शेजारणीला विचारलं. शेजारणीचंही ७२.५. मग तिच्या मागच्याचं. अर्ध्या तासात वर्गातल्या चौदाही जणांचं एकमत झालं की आपलं सगळ्यांचं चुकलंय.

७० आणि ७५ची सरासरी ७२.५ असते हे त्यातल्या प्रत्येकाला पाचवीपासून माहीत होतं. मला तर होतंच होतं. तरी छापलेल्या ७२वर शंका घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि माझ्या मनात यायला अर्धा तास लागला. हे मी आज हसत लिहितेय, पण त्या संध्याकाळी घरी जाताना गाडीवर कान तापले होते, आणि ते काही सोलापूरच्या उन्हानं नव्हे.

घोटाळा कुठं होता ते सांगते, कारण तो गमतीचा आहे. जुन्या पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच यायचं. १४५ भागिले २ म्हणजे ७२, अपूर्णांक गुपचूप गळून जायचा. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, त्यात हे बदललं. तिरप्या एका रेघेचा भागाकार आता खरा भागाकार झाला, ७२.५ देणारा. पूर्णांकच हवा असेल तर दोन तिरप्या रेघा काढायच्या. त्याच बदलात 'प्रिंट' हा शब्द आज्ञेचा फंक्शन झाला, त्याच्यापुढं कंस आले. जुने प्रोग्राम नवे करून देणारं 'टू टू थ्री' नावाचं एक अवजार होतं. ते कंस घालून द्यायचं, पण भागाकाराला हात लावायचं नाही, कारण नुसत्या अक्षरांवरून त्याला कसं कळणार की समोरचे आकडे पूर्णांक आहेत की नाहीत? तेव्हा कुणीतरी हे उदाहरण नव्या पायथनमध्ये आणलं, 'प्रिंट'ला कंस आले, दिसायला सगळं ठाकठीक झालं. खालचा ७२ मात्र जुन्या घरातला राहून गेला. पायथन २ला १ जानेवारी २०२० रोजी अधिकृत निरोप मिळाला. त्याचा ७२ त्यानंतरही पूर्व भागातल्या चौदा जणांना चुकीचं ठरवत होता.

मला स्वतःला उदाहरणांबद्दल जे वाटतं ते इथूनच सुरू झालं. डॉक्युमेंटेशनमधला मजकूर फार कमी लोक वाचतात. मीही नाही वाचत. पान उघडलं की नजर थेट उदाहरणाच्या राखाडी चौकटीकडे जाते, चौकट कॉपी करायची, चालते का बघायचं. म्हणजे लेखकानं वर तीन परिच्छेद कितीही जीव ओतून लिहिले असले तरी खरं शिकवणं त्या चौकटीतच चालतं. आणि चौकटीखाली उत्तर छापलेलं असणं म्हणजे, 'मी हे चालवून बघितलं आणि मला हे दिसलं' अशी साक्ष असते. साक्ष खोटी निघाली की जुना माणूस चिडतो, शिव्या देतो, पुढं जातो. नवशिका चिडत नाही. तो स्वतःलाच तपासत बसतो. बंगळुरात किंवा पुण्यात असला तर शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी असतं, "अरे, हे जुनं आहे, सोड" म्हणणारं. आमच्या या मुलीच्या शेजारी कोण होतं? मी होते, आणि मी फळ्याकडे तोंड करून "परत कर" म्हणत होते.

त्या रात्री मी ठरवलं, हे आपण दुरुस्त करायचं. लायब्ररी मुक्त स्रोताची, त्यामुळं डॉक्युमेंटेशनची फाईल कुणीही बदलून पाठवू शकतं. आपली एक प्रत काढायची, ओळ बदलायची, बदल परत पाठवायचा. पलीकडच्या माणसाला जुनी ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी दिसते. पसंत पडली तर ते ती मुळात मिसळून घेतात. मी ओळ उघडली आणि एका तिरप्या रेघेच्या शेजारी दुसरी तिरपी रेघ काढली. आता उत्तर ७२ येत होतं. खाली छापलेलं ७२, वर चालवून ७२. जुळलं. कामाचं समाधान मिळून झोपले.

चार दिवसांनी पलीकडून एका ओळीचं उत्तर आलं. नम्र होतं, पण झोंबलं. ७० आणि ७५ची सरासरी किती, एवढंच विचारलं होतं.

ज्या चुकीवरून चौदा मुलांनी स्वतःला दोष दिला, तीच चूक मी पक्की करून पाठवली होती. आधी निदान उत्तर आणि उदाहरण एकमेकांशी भांडत होते, त्यामुळं कुणाला तरी शंका आली असती. माझ्या दुरुस्तीनंतर दोघं संगनमतानं खोटं बोलले असते. हे मला त्याआधी कधी सुचलंच नव्हतं: उदाहरण आणि उत्तर जुळत नाहीत म्हटल्यावर दोन्हीपैकी कुणालाही हात घालता येतो, आणि कुणाला घालायचा हे त्या उदाहरणाला काय शिकवायचंय यावर ठरतं. चौदा डझन टॉवेल दहा-दहाच्या गाठींत बांधायचे आणि पूर्ण गाठी किती होतात ते बघायचं, असं उदाहरण असतं तर दोन रेघा बरोबर ठरल्या असत्या. मार्कांच्या सरासरीत अर्धा मार्क गिळणं बरोबर नाही. विद्यापीठात तर अर्ध्या मार्कासाठी फोटोकॉपी काढून रीचेकिंगला जातात लोक.

मी रेघ काढून टाकली, ७२च्या पुढं टिंब आणि पाच लिहिलं आणि पुन्हा पाठवलं. दोन अक्षरांचा बदल. मिसळून घेतला गेला. त्या रविवारी मुलांना ती हिरवी ओळ दाखवली. कुणी फारसं भारावलं नाही. एकानं विचारलं, "मॅडम, ह्याचे पैसे मिळतात काय?"

मिळत नाहीत, म्हटलं. पण मग डोनाल्ड नुथ यांची गोष्ट सांगितली. प्रोग्रामिंगवर खंडच्या खंड लिहिणारे हे गृहस्थ आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवून देणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे. दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलं तर 'शंभर' म्हणजे सोळा गुणिले सोळा, २५६; म्हणून २५६ सेंटचा एक डॉलर, असा त्यांचा हिशोब. लोक ते चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे. पुढं चेकवरच्या खातेक्रमांकाचा गैरवापर व्हायची भीती निर्माण झाली, तेव्हा २००८ पासून ते खऱ्या बँकेऐवजी सान सेरिफ नावाच्या काल्पनिक बेटांच्या देशातल्या बँकेचं प्रमाणपत्र पाठवू लागले. सेरिफ म्हणजे छापील अक्षराच्या टोकाची शेपटी, आणि 'सान्स सेरिफ' म्हणजे शेपटी नसलेलं अक्षर. हे सांगितल्यावर मात्र वर्ग हसला. त्यातही जास्त हसू खोट्या बँकेचं आलं, सोलापुरात भिशी बुडवणारे काय कमी झालेत!

मग उदाहरणं तपासायचा नादच लागला. नाद म्हणजे काय, सकाळी चहाबरोबर एखादं पान उघडायचं आणि त्यातल्या चौकटी एकामागोमाग चालवत जायच्या. एका उदाहरणात संचातली चार फळं छापली होती, सफरचंद आधी, मग केळं. माझ्याकडं केळं आधी आलं. परत चालवलं, तर द्राक्षं आधी. संचाला क्रम नसतो, आणि २०१२च्या पायथन ३.३ पासून शब्दांच्या संचाचा क्रम तर प्रत्येक वेळी चालवताना मुद्दाम पिसला जातो, सुरक्षेच्या कारणासाठी. म्हणजे छापलेलं उत्तर चूक नव्हतं, ते फक्त त्या लेखकाच्या त्या सकाळचं होतं. अशा ठिकाणी फळं वर्णक्रमानं लावून मग छापायची, म्हणजे सगळीकडं एकच उत्तर येतं. काही चौकटींत तर कोड बरोबर आणि अवतरणचिन्हं वाकडी, वर्ड प्रोसेसरनं नटवलेली. पुस्तकात ती छान दिसतात, पायथन मात्र अवैध अक्षर म्हणून हाकलून देतो. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या पीडीएफ नोट्समध्ये हा रोग सर्रास आहे. डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळं पोरं तासन् तास घालवतात.

हे सगळं हातानं करायची गरज नाही, हे नंतर कळलं. २००१ साली पायथन २.१ बरोबर टिम पीटर्स यांचं डॉक्टेस्ट आलं. ते लिखाणातल्या तीन बाणांच्या ओळी शोधतं, स्वतः चालवतं, आणि खाली लिहिलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून बघतं. रस्ट या भाषेत चाचण्या चालवल्या की डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणंही चालवली जातात. गो भाषेत उदाहरणाच्या शेवटी अपेक्षित आउटपुट टिप्पणीत लिहायचं, बाकी भाषेचं अवजार बघतं. हे वापरणाऱ्यांच्या पानांवर जुना ७२ टिकत नाही. पण माझी ती दोन रेघांवाली दुरुस्ती? ती डॉक्टेस्टमध्ये फर्स्ट क्लासनं पास झाली असती. यंत्राला जुळणी कळते. सरासरी कशाला म्हणतात ते विचारायला पलीकडं एक माणूस लागला.

आणि काही उदाहरणं बसल्या जागी म्हातारी होतात. केर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेच्या १९७८च्या पुस्तकातलं 'हॅलो, वर्ल्ड' बघा. जगात त्याच्याइतकं कॉपी झालेलं उदाहरण नसेल. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या डोक्यावर हेडर फाईलची एक ओळ चढवावी लागली. पुढं सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणानं 'मेन' या सुरुवातीच्या फंक्शनच्या आधी ते कुठल्या प्रकारचं उत्तर देतं ते लिहिणं सक्तीचं केलं, तेव्हा ती दुसरी आवृत्तीही काटेकोरपणे बघितलं तर नियमाबाहेर गेली. त्यांनी काही चुकीचं लिहिलं होतं असं नाही. जमीन सरकली.

खालच्या कारखान्यात एक मामा आहेत. तरुणपणी जेकार्डची, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पाडायचे. जेकार्ड आणि कॉम्प्युटरचं नातं सांगायला लागलं की बाहेरून आलेले पाहुणे फार खूष होतात, मला त्याचा कंटाळा आलाय. त्यामुळं मामांकडं मी त्या कामासाठी गेले नव्हते, पाण्याचा दिवस होता आणि मोटर सुरू करा म्हणायला गेले होते. पण बोलता बोलता मी त्या ७२ची गोष्ट सांगितली. मामा म्हणाले, आमच्यातही असंच होतं. ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचे, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची. भोक असलं तर तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसलं तर खालीच राहतो. एक भोक राहिलं तर चादरीत एकच ठिकाणी दिसत नाही, नक्षी जितक्यांदा येते तितक्यांदा दिसतं.

"मग चादरी परत यायच्या?"

"सगळ्या नाही की. एकदा मोराच्या पायाला एक बोट कमी पडलं. आम्ही कार्ड बदललं, नीट मोर काढला. तर व्यापारी म्हणतो, ह्यो कुठला मोर, आम्हाला पहिला पाहिजे."

मामांनी मग जुनं कार्ड शोधून परत लावलं म्हणे. मला लगेच वेबवरचा एक शब्द आठवला. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर पुढच्या पानाला आपण कुठून आलो ते सांगतो. त्या सांगण्याचं नाव 'रेफरर', त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला 'आर' दोनदा हवा, तिथं तो एकदाच पडला. वेबचे नियम मांडणाऱ्या १९९६च्या 'आरएफसी' क्रमांक १९४५ या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं. चूक लक्षात आली नाही असं नाही, पण तोवर जगभरच्या यंत्रांनी तोच शब्द उचलला होता. आजही प्रत्येक ब्राउझर ते चुकीचंच स्पेलिंग पाठवतो, आणि बरोबर लिहिणाऱ्याचा प्रोग्राम चालत नाही. बोट कमी असलेला मोर. उदाहरण जुनं होऊन जास्त पसरायच्या आत गाठावं लागतं, नंतर दुरुस्तीच चूक ठरते.

आता माझ्या स्वतःच्या नोट्सचं. हे सांगायचं टाळत होते.

मागच्या वर्षी मी मराठीत नोट्स काढल्या, साठ प्रती, कॉलेजसमोरून झेरॉक्स करून. सगळीकडं 'हॅलो' आणि 'फू' न् 'बार' हे इंग्रजी उदाहरणांतले ठरलेले शब्द वाचून पोरं कंटाळतात, म्हणून उदाहरणांतले शब्द आपले घातले. शब्दाची लांबी सांगणाऱ्या 'लेन' फंक्शनच्या उदाहरणात मी 'सोलापूर' लिहिलं आणि खाली उत्तर लिहिलं, ४. सो, ला, पू, र. बोटांवर मोजून. चालवून बघितलं नाही. चार अक्षरी शब्दाची लांबी चार, यात काय चालवायचं?

पायथन सांगतो ७. कारण तो अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे, म्हणजे जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, संकेत मोजतो, आणि काना, मात्रा, उकार यांचे संकेत वेगळे असतात. स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. हेच जुन्या पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगला विचारलं असतं तर यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीच्या हिशोबानं २१ आले असते, कारण तिथं बाइट मोजले जायचे आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा. स्विफ्ट भाषा मात्र ४ म्हणते, तिला माझी बोटं मान्य आहेत. शब्द उलटा करायला सांगितला तर आपण म्हणू 'रपूलासो'. पायथन म्हणतो 'रूपालोस'. ऊकार, काना, ओकार सगळे शेजारच्या घरात जाऊन बसतात. वर्गात हे नाव इतकं आवडलं की दोन आठवडे सगळे रूपालोसलाच राहत होते. एकानं अक्कलकोट करून बघितलं. आपण मोजू पाच, पायथन आठ. युनिकोडचे वाचकाच्या नजरेतलं अक्षर मोजायचे जे नियम आहेत ते २०२३ पर्यंत सहा म्हणायचे, कारण 'क्क' त्यांना फुटलेला दिसायचा. १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एक धरायला लागले आणि पाच झाले. गावाचं नाव तेच, स्वामी समर्थही तिथंच, लांबी बदलली.

इंग्रजी अक्षरांतल्या 'हॅलो'वर यातलं काही घडत नाही. तिथं अक्षर आणि संकेत एकास एक. इंग्रजी उदाहरणात शब्द बदलला म्हणजे भाषांतर झालं असं मी समजत होते, प्रत्यक्षात मी नवीन उदाहरण लिहिलं होतं आणि उत्तर मात्र जुन्या समजुतीतलं ठेवलं होतं. दुसऱ्याच्या ७२वर दोन वर्षं कथा सांगत फिरणारी मी.

चूक सापडली ती त्याच दुसऱ्या बाकावरच्या मुलीला. आता ती मला शिकवण्यात मदत करते. या वेळी ती "माझं चुकतंय" म्हणाली नाही. म्हणाली, "मॅडम, पान ११ वर सात करा."

वाटलेल्या प्रती मी पुढच्या रविवारी परत मागवल्या. संध्याकाळी क्लास सुटल्यावर, खाली दुसरी पाळी सुरू असताना, लाल पेन घेऊन एकेक प्रत उघडत बसले. ४ खोडायचा, ७ लिहायचा. पाच-सहा प्रतींत कुणी आधीच निळ्या शाईनं ७ केलेलं होतं, ते बघून बरं वाटलं. एका प्रतीत मात्र ४ खोडून ७ लिहिलेला होता, मग तो ७ पुन्हा खोडलेला, आणि त्याच्या शेजारी, जरा जास्त जोर देऊन, ४.